आकड्यांच्या पेटीची झडती

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये कोणाचे घर शोधावयाचे असेल, तर नुसता क्वार्टरचा क्रमांक खिशात असून भागत नाही. ५ क्रमांकाचे क्वार्टर एका रस्त्यावर असते, तसे दुसऱ्यावरही असते. रस्त्यांनाही क्रमांकच आहेत, आणि क्रमांक म्हटले की ते शेजारच्या सेक्टरातही असावयाचेच. म्हणून येथला मनुष्य पत्ता सांगताना सेक्टर, रस्ता आणि क्वार्टर ही तिन्ही नावे एका दमात सांगतो. त्यांतील एक गाळले की टपालवाला हतबुद्ध होतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या पोलाद कारखान्यासाठी ही आखीव वसाहत उभी राहिली. नागपुराकडची पुष्कळ मराठी माणसे पोटासाठी इकडे आली. माझे मामा त्यांपैकीच एक. सेवानिवृत्तीनंतरही ते सेक्टर ६ मध्येच राहतात.

गेल्या खेपेस मी त्यांच्याकडे उतरलो असताना मामेभावाची मुलगी संगणक घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. ती संख्याशास्त्र शिकते. तिला एका कुटुंब-पाहणीची सामग्री अभ्यासासाठी मिळाली होती. ती तिने 'आर' या भाषेत उघडली, तिचे नाव टंकले, आणि पडद्यावरून ओळी अशा धावू लागल्या की पूर आलेल्या शिवनाथकडे पाहावे. "काका, यात नेमके आहे तरी काय?" असे तिने विचारले. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. सरकारी कचेरीत वीस वर्षे आकड्यांत काढल्यावर मी असे म्हणेन की, बहुतेक चुकीचे अहवाल हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात. त्यांतला एक माझा आहे. तो पुढे येईल.

प्रथम 'आर'विषयी दोन शब्द. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी यांनी 'एस' नावाची एक भाषा रचण्यास आरंभ केला. संख्याशास्त्रज्ञाला आपल्या सामग्रीशी सरळ बोलता यावे हा त्यांचा हेतू होता. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोघांनी तिच्याच वळणावर 'आर' घडविली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्यामुळे गरीब कचेऱ्यांना व विद्यार्थ्यांना सारखीच सुलभ आहे. तिच्यातील पुष्कळशा वस्तू साध्या नसून एकीच्या पोटात दुसरी अशा असतात, ही आजच्या बोलण्यातील मुख्य गोष्ट.

असे का व्हावे? जनगणनेचे उदाहरण घ्या. राज्यात जिल्हा, जिल्ह्यात तहसील, तहसिलीत गाव अथवा शहर, शहरात प्रभाग, प्रभागात गणना-गट, गटात घर, घरात कुटुंब आणि कुटुंबात माणूस. २०११ च्या गणनेत राज्याला दोन अंकी, जिल्ह्याला तीन अंकी, तहसिलीला पाच अंकी आणि गावाला सहा अंकी संकेतांक दिले होते. छत्तीसगढचा २२, महाराष्ट्राचा २७. छापील कोष्टकात ही उतरंड सपाट करावी लागते, कारण कागदाला लांबी आणि रुंदी एवढ्या दोनच दिशा असतात. प्रत्येक ओळ एक कुटुंब मानली, तर सदस्यांसाठी किती रकाने ठेवावयाचे? आठ ठेवले तर नवव्याचे काय, आणि एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या ओळीत सात रकाने रिकामे का? प्रत्येक ओळ एक माणूस मानली, तर घराचा पत्ता घरातल्या माणसांइतक्या वेळा लिहावा लागतो, आणि एखाद्या ओळीत तो चुकला की एका घराची दोन घरे होतात. 'आर'मध्ये यावर तोडगा आहे. तेथे कुटुंब ही एक यादी असते. त्या यादीत कुटुंबप्रमुखाचे नाव असते, पत्ता असतो, आणि 'सदस्य' नावाची दुसरी यादी असते. त्या दुसऱ्या यादीत प्रत्येक माणूस पुन्हा स्वतंत्र यादी असतो. जुन्या घरातील लाकडी पेटी उघडावी, आत डबा निघावा, डब्यात पुरचुंडी आणि पुरचुंडीत आजीची नथ निघावी, तसा हा प्रकार आहे.

आता अशी पेटी समोर आली म्हणजे मनुष्य सहजच तिचे नाव टंकतो आणि काय दिसते ते पाहतो. येथे दोन धोके आहेत. पहिला माझ्या पुतणीने पाहिलाच. पेटीतले सगळेच जमिनीवर सांडते. दुसरा याच्या अगदी उलट आणि अधिक फसवा आहे. काही वस्तू आपल्या पोटातले बहुतेक लपवून अगदी थोडे दाखवितात. 'आर'च्या सोबतच मोटारींची एक छोटी सामग्री येते. १९२० च्या दशकातील मोटारींचा वेग, आणि गतिरोधक दाबल्यावर थांबेपर्यंत कापलेले अंतर, अशा तिच्यात ५० नोंदी आहेत. वेगावरून अंतराचा अंदाज बांधणारी सरळ रेषा काढावयास सांगितली की पडद्यावर दिलेली आज्ञा आणि दोन आकडे एवढेच उमटते: उणे १७.५७९ आणि ३.९३२. पाहणाऱ्यास वाटते, काम संपले, हाती दोन आकडे आले. प्रत्यक्षात त्या उत्तराच्या पेटीत १२ कप्पे असतात. प्रत्येक मोटारीच्या बाबतीत अंदाज किती चुकला ते एका कप्प्यात, मूळ सामग्रीची प्रत दुसऱ्यात; आणखी एका कप्प्यात पुन्हा पाच कप्प्यांची पेटी. रेषा विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवावयाचे असेल तर त्या न दाखविलेल्या कप्प्यांकडेच जावे लागते. दिसते ती वस्तू नव्हे, वस्तूने स्वतःविषयी दिलेले निवेदन होय. निवेदन आणि वस्तुस्थिती यांतील अंतर सरकारी नोकराला समजावून सांगण्याची गरज नसावी.

तेव्हा झडती घ्यावयाची ती कशी? 'आर'मध्ये यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. 'स्ट्रक्चर' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरे घेऊन ती बनली आहे: एस, टी, आर. माझ्या मते या भाषेतील अत्यंत उपयोगी आज्ञांत हिचा क्रमांक फार वरचा लागावा. हिच्यापुढे पेटी ठेवली की ती आतले सांडत नाही. आत काय काय आहे याची पावती लिहून देते. पहिल्या ओळीत ही किती कप्प्यांची यादी आहे ते सांगते. पुढे प्रत्येक कप्प्यासाठी एक ओळ: आधी डॉलरचे चिन्ह, मग कप्प्याचे नाव, मग आतल्या मालाचा प्रकार, म्हणजे अक्षरे की पूर्णांक की दशांश की होय-नाही, आणि शेवटी नमुन्यादाखल पहिली दोनचार मूल्ये. कप्प्यात पुन्हा पेटी असेल तर तिच्या ओळी थोड्या आत सरकतात आणि त्यांच्यापुढे दोन टिंबे येतात. आणखी खोल गेले की टिंबांची आणखी एक जोडी. टिंबे मोजली की आपण कितव्या मजल्यावर आहोत ते कळते.

परंतु हजार कुटुंबांची पेटी असेल तर ही पावतीसुद्धा लांबते. म्हणून या आज्ञेला एक मर्यादा घालता येते, की पहिल्या मजल्याखाली उतरू नकोस. मी पुतणीला तेच करावयास सांगितले. पूर ओसरला आणि तीन ओळी उरल्या: पाहणीची माहिती, प्रभागांची सूची, कुटुंबांची यादी. मग कुटुंबांच्या यादीतले पहिले कुटुंब काढून एकट्या त्याचीच पावती मागितली. मग त्यातले सदस्य. मग पहिला सदस्य. मामा शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्या घराच्या पत्त्यासारखेच झाले. तू सेक्टरावरून रस्त्यावर आलास आणि रस्त्यावरून क्वार्टरात." मी म्हटले, "मामा, तुम्ही एका वाक्यात सांगितलेत." आणि ते खरेच होते, 'आर'मध्ये खोलवरच्या वस्तूचा उल्लेख करताना वरपासून खालपर्यंत एकेक नाव डॉलरच्या चिन्हाने जोडीत जावे लागते, तो पत्ताच होय.

कप्पा उघडताना कंसांचा एक घोटाळा मात्र नवशिक्यास हमखास नडतो. चौकोनी कंस एकेरी वापरला तर डबा मिळतो. दुहेरी वापरला तर डब्यातील जिन्नस मिळतो. एकेरी कंसाने 'सदस्य' मागितले, तर फक्त सदस्यांचा एकच कप्पा असलेली लहान यादी हाती येते, आणि तिची लांबी मोजली की उत्तर येते एक. घरात माणसे सहा असोत वा सोळा. दुहेरी कंसाने मागितले तरच आतली माणसे मोजता येतात. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. पावतीच्या पहिल्या ओळीवर मात्र फरक उघड होतो.

डॉलरच्या चिन्हाविषयी माझी एक तक्रार आहे. हे चिन्ह अतिरेकी सौजन्याने वागते. नसलेला कप्पा मागितला, तर ते 'असा कप्पा नाही' असे म्हणत नाही. मुकाट्याने शून्यवत् असे काहीतरी हाती ठेवते. त्याची बेरीज केली तर उत्तर येते शून्य. समजा, कप्प्याचे नाव 'निराधार' आहे आणि आपण ऱ्हस्वदीर्घाची चूक करून 'नीराधार' लिहिले, तर प्रभागात निराधार कोणीच नाही असे उत्तर मिळेल, आणि ते पाहून वरिष्ठांना आनंदच होईल. दुसरे असे की, यादीतला कप्पा मागताना अर्धवट नावही त्याला चालते. 'वय' नावाचा कप्पा नसेल आणि त्या अक्षरांनी आरंभ होणारा 'वयोगट' हा एकच कप्पा असेल, तर वय मागितल्यावर ते वयोगट देऊन मोकळे होते. दुहेरी कंस या बाबतीत काटेकोर आहे. नाव पुरते जुळल्याशिवाय तो कप्पा देत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामात मी डॉलर टाळतो आणि आधी नावांची यादी मागवून घेतो.

आता माझ्या चुकीची हकीकत. २०१८ सालची गोष्ट. एका कचेरीत मी काम करीत होतो. तिचे नाव सांगण्यात स्वारस्य नाही, कारण चूक तिची नव्हती. सहा वर्षांखालील मुले कोणत्या प्रभागात किती, याचा तक्ता हवा होता, कारण पोषण आहाराची मागणी त्यावरून जावयाची होती. पाहणीची फाईल आली. मी वयाचा रकाना काढला, त्याचे संख्येत रूपांतर केले, सहापेक्षा कमी किती ते मोजले आणि तक्ता तयार झाला. आकडे अगदी रास्त वाटत होते. तक्ता सहीसाठी जाण्याच्या आदल्या दिवशी एका प्रभागाची नावनिशीवार यादी तेथील अंगणवाडीच्या ताईंनी सहज चाळली आणि म्हणाल्या, "साहेब, ही मुलगी तर सहावीत शिकते. हाही शाळेत जातो. आणि माझी दोन-तीन वर्षांची बाळे यात एकही नाहीत."

काय झाले होते? पाहणी करणाऱ्याने काही ठिकाणी वयाऐवजी 'नमूद नाही' असे शब्द लिहिले होते. एका रकान्यात एक जरी शब्द शिरला, तरी 'आर' तो सगळा रकाना अक्षरांचा मानते. आणि त्या काळी फाईल वाचताना अक्षरांच्या रकान्याचा ती न विचारता 'फॅक्टर' बनवीत असे. ही सवय एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून तिने सोडली. फॅक्टर म्हणजे काय, तर वेगवेगळ्या मूल्यांची एक क्रमवार सूची आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या सूचीतला अनुक्रमांक. सूचीचा क्रम लावला जातो तो शब्दकोशाच्या पद्धतीने. त्यात ० पहिला, १ दुसरा, आणि तिसरा कोण? २ नव्हे, १०. मग ११, १२, १३ असे करीत १९. हे बाराव्या स्थानी संपतात, आणि तेराव्या स्थानी २ येतो. मी संख्येत रूपांतर केले तेव्हा वये मिळाली नाहीत, अनुक्रमांक मिळाले. दोन वर्षांचे मूल तेराचे झाले, तीन वर्षांचे चोविसाचे, चार वर्षांचे पस्तिसाचे, पाच वर्षांचे शेहेचाळिसाचे. उलट दहा वर्षांच्या मुलाला ३ हा आकडा मिळाला, अकराव्याला ४ आणि बाराव्याला ५. माझ्या तक्त्यात ०, १, १०, ११ आणि १२ या वयांची मुले बसली होती. सहा वयांच्या जागी पाच वये. म्हणून एकूण बेरीज अपेक्षेच्या आसपास राहिली आणि कोणालाही शंका आली नाही. 'आर'ने एका शब्दाने सावध केले नव्हते, कारण तिच्या दृष्टीने मी मागितले ते तिने दिले होते.

रूपांतरापूर्वी मी त्या रकान्याची पावती मागितली असती, तर पहिल्याच ओळीत 'फॅक्टर' हा शब्द दिसला असता आणि पुढे अवतरणचिन्हांत ०, १, १०, ११ असा विचित्र क्रम दिसला असता. अर्ध्या मिनिटाचे काम होते. उपाय तर त्याहून सोपा. फॅक्टरचे आधी अक्षरांत व मग अक्षरांचे संख्येत रूपांतर करावयाचे. 'नमूद नाही' असे लिहिले असेल तेथे जागा रिकामी राहते, आणि तशी ती राहिल्याची सूचनाही 'आर' देते. तक्ता दुरुस्त झाला. त्या ताईंनी नावे वाचली नसती, तर कोणत्या वयाच्या मुलांच्या वाट्याचा आहार कोणाच्या नावे मागितला गेला असता, हा विचार आजही मनाला बरा वाटत नाही.

पुतणीच्या फाईलमध्ये फॅक्टर नव्हते, परंतु तेथे निराळाच चमत्कार निघाला. प्रत्येक कुटुंबात सदस्य किती ते तिने एकदम मोजले. बहुतेक उत्तरे पटण्यासारखी होती. मग मी तिला एकट्या राहणाऱ्यांची कुटुंबे शोधावयास सांगितले. तशी एकही निघाली नाहीत. सगळ्या प्रभागांत एकटे राहणारे कोणीच नाही? मामा म्हणाले, "आपल्याच रस्त्यावर दोन घरे दाखवतो, चल." आम्ही चार सदस्यांच्या कुटुंबांपैकी काहींची पावती मागविली. काहींत खरोखरच चार माणसे होती. काहींत मात्र 'सदस्य' या कप्प्याखाली माणसांची यादी नसून नाव, वय, लिंग आणि नाते असे चार कप्पेच थेट होते. फाईल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना, सदस्य एकच असेल तेथे मधला डबा कोणीतरी अनावश्यक समजून काढून टाकला होता. मोजणीने त्या एकट्या जिवाचे चार गुण मोजले आणि त्याला चार माणसांचे घर ठरविले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी योजना आखावयाची असती, तर या फाईलवरून त्यांची संख्या शून्य ठरली असती.

म्हणून एका कुटुंबाची पावती पाहून थांबणे बरे नव्हे. सगळ्या कुटुंबांचा आकार सारखा आहे का, हे यंत्राकडूनच तपासून घ्यावे लागते. प्रत्येक कुटुंबाच्या 'सदस्य' कप्प्यातील पहिली वस्तू कोणत्या प्रकारची आहे, एवढेच विचारावयाचे आणि उत्तरांची मोजदाद करावयाची. सर्वत्र 'यादी' असे उत्तर आले तर ठीक. काही ठिकाणी 'अक्षरे' असे आले, तर त्या पेट्या हाताने उघडून पाहाव्यात. पुतणीने तसे केले, आणि निघालेला मधला डबा त्या घरांना परत बसविला. त्यात तिची सायंकाळ गेली. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेने जी जनगणना जाहीर झाली आहे, तिची माहिती कागदाऐवजी यंत्रावर भरून घेण्याची योजना आहे. तेव्हा अशा पेट्या पुढील काळात आमच्यासारख्यांच्या टेबलावर अधिकच येणार.

झडतीची ही आज्ञा कितीही चांगली असली, तरी एका गोष्टीत ती हतबल आहे. ती मालाचा प्रकार सांगते, त्याचा अर्थ सांगत नाही. वयाच्या रकान्यात ९९ हा पूर्णांक आहे, एवढे ती सांगेल. परंतु तो मनुष्य खरोखर नव्याण्णव वर्षांचा आहे, की पाहणी करणाऱ्याने 'माहीत नाही' यासाठी तो संकेत वापरला आहे, हे पाहणीच्या सूचनापुस्तिकेतच सापडावयाचे. पुतणीच्या फाईलमध्ये असे तीन ९९ होते आणि सूचनापुस्तिका सोबत आलेली नव्हती. तिने ज्यांच्याकडून फाईल मिळविली होती त्यांना दूरध्वनी केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी मूळ अर्ज काढून पाहिले. दोन ठिकाणी वय विचारावयाचेच राहून गेले होते. तिसऱ्या अर्जावर जन्मसाल लिहिलेले होते, आणि त्या आजीबाई पाहणीच्या दिवशी खरोखरच नव्याण्णव वर्षांच्या होत्या.